जळक्या तेलाचा वास

महिपालपूरच्या अलीकडे गाड्या पूर्ण थांबल्या, तेव्हा अक्षयाला पहिल्यांदा तो वास आला.

नोव्हेंबरचा पहिला गुरुवार होता. सकाळचे साडेनऊ झाले तरी धुरक्यामुळे उन्हाचा पत्ता नव्हता. तिला आधी वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. ट्रक डावीकडे वळून निघून गेला, वास मात्र राहिला. कढईत तेल गॅसवर विसरलं की येतो तसा, पण जास्त कडवट. तिने आरशात पाहिलं. मागच्या सीटवर आई डोळे मिटून बसली होती. नाकात ऑक्सिजनची नळी, शेजारी सीटबेल्टने आवळून बांधलेला छोटा सिलिंडर.

अक्षयाने बाहेरची हवा आत घेणारं बटण बंद केलं.

विजयाबाईंना फुफ्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार होता. दोन वर्षं झाली होती. मुनिरकाच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या दिवसरात्र मशीनच्या ऑक्सिजनवर असायच्या. बाहेर पडायचं तर सिलिंडर. दर गुरुवारी गुरुग्रामच्या हॉस्पिटलमध्ये श्वासाचे व्यायाम आणि तपासणी असायची. मेट्रोच्या जिन्यांचा, गर्दीचा विचारही करण्यात अर्थ नव्हता. कॅब मागवून पाहिली, तर दोन ड्रायव्हर सिलिंडर बघूनच ‘नहीं मैडम, ये नहीं’ म्हणत निघून गेले. राहिली ती बाबांची गाडी. गुणवंत रायपुरे केंद्र सरकारच्या नोकरीत होते तेव्हा दोन हजार अकरामध्ये घेतलेली निळी पेट्रोल गाडी. ते जाऊन चार वर्षं झाली होती. दिल्लीत पेट्रोल गाडीला पंधरा वर्षं मिळतात, म्हणजे तिचंही एकच वर्ष उरलं होतं.

त्या संध्याकाळी अक्षयाने गाडीखाली एक जुना पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी त्यावर रुपयाएवढे चार काळे डाग होते.

डाग बघताना तिला सिलिंडर पोचवणाऱ्या माणसाचं बोलणं आठवलं. पहिल्या दिवशी त्याने दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "ऑक्सिजन खुद नहीं जलता मैडम. पर जहाँ आग लगी हो, उसको पागल कर देता है. और तेल-ग्रीस इसके पास कभी नहीं लाना. हाथ में लगा हो तो हाथ धोके छूना." आईने तेव्हा शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली होती.

अक्षया कोपर्निकस मार्गावरच्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात नोकरीला होती. येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या खोल्या, गाड्या, पास बघायचं काम. शनिवारी हाफ डे टाकून तिने गाडी घराजवळच्या मार्केटमधल्या गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने बॉनेट उघडून टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत निकाल दिला.

"टॅपेट कवर की पैकिंग गई है. पुरानी गाड़ी में होता ही है. तेल पीछे से निकल के गरम पाइप पे गिरता है, वही स्मेल है."

"आग तर... मतलब, आग तो नहीं लगेगी?"

तो हसला. "इतने से क्या आग लगेगी मैडम!"

इंजिनच्या डोक्यावरचं ते झाकण काढून त्याने नवं पॅकिंग बसवलं, वरून फडकं फिरवलं आणि दीड तासात किल्ली हातात दिली. रविवारी वास नव्हता. सोमवार ते बुधवार ती मेट्रोने ऑफिसला गेली, गाडी जागची हलली नाही. गुरुवारी महिपालपूरच्या त्याच गर्दीत वास पुन्हा आला आणि आता तो जास्त दाट होता.

आरशात आईचे डोळे उघडे होते. दोघींची नजर भेटली. आईने लगेच खिडकीबाहेर पाहिलं.

"काय गं आई? ठीक आहेस ना?"

"हो, बिल्कुल. तू पुढे बघ."

त्या दिवसापासून अक्षयाला भीतीने धरलं. जेवणाच्या सुट्टीत ती ऑफिसच्या मागच्या व्हरांड्यात उभी राहून मोबाईलवर जळणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघायची. नको नको म्हणत बघायची. बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर, मग एक नारिंगी जीभ, मग दोन-तीन मिनिटांत सगळी गाडी. लोक लांब उभे राहून शूटिंग करतायत. ती मनात सेकंद मोजायची. आईचा सीटबेल्ट, सिलिंडरचा सीटबेल्ट, नळी कुठे अडकणार नाही हे बघणं, आईला उठवणं, सिलिंडर उचलणं. घरी, सिलिंडर बदलायच्या निमित्ताने, तिने एकदा खरंच घड्याळ लावून पाहिलं. एक मिनिट दहा सेकंद. तेही आई साथ देत असताना.

तिने आग विझवायची छोटी लाल बाटली मागवली, कापडी पिशवीत गुंडाळली आणि ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवून ठेवली. आईला दिसणार नाही अशी.

आईला सांगायचं नाही, हे तिने कधी ठरवलं असं नव्हतं. पण आईचा श्वास घाबरली की आणखी चढायचा, आणि चढला की ती आणखी घाबरायची. एकदा हे चक्र सुरू झालं की तासभर थांबायचं नाही. त्यामुळे वास आला की अक्षया रेडिओ मोठा करायची, ब्लोअर वाढवायची आणि पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत राहायची.

आणि त्याच सुमारास हॉस्पिटलमधले आकडे घसरायला लागले.

घरी बोटाला लावायच्या मशीनवर आईचा ऑक्सिजन ब्याण्णव-त्र्याण्णव असायचा. हॉस्पिटलच्या दारात व्हीलचेअरवर बसवून नर्सने तपासला की पहिल्या गुरुवारी नव्वद आला होता. दुसऱ्या गुरुवारी सत्त्याऐंशी. तिसऱ्या गुरुवारी चौऱ्याऐंशी, आणि महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी ब्याऐंशी.

डॉ. सुरुची मेहरोत्रांनी त्या दिवशी आईला व्यायामाच्या खोलीत पाठवलं आणि अक्षयाला आत बोलावलं. त्या नेहमी पटापट बोलायच्या. आज सावकाश बोलत होत्या.

"देखिए अक्षया, दस-पंद्रह मिनट बैठने के बाद ये नब्बे तक आ जाती हैं. पर इतना-सा सफर भी अब ये झेल नहीं पा रहीं. मुझे डर है कि बीमारी ने रफ्तार पकड़ ली है. दिल पर भी ज़ोर आ रहा हो सकता है. इको करवा लेते हैं, नया सीटी भी. अगले गुरुवार को भी यही रहा तो भर्ती करूँगी."

"और उसके बाद?" अक्षयाने विचारलं.

डॉक्टरांनी पेन बंद केलं. "मन की तैयारी रखिए," एवढंच त्या म्हणाल्या.

परतताना गाडीत वास होता. अक्षयाला तो आलाही आणि नाहीही. तिला फक्त ब्याऐंशी हा आकडा दिसत होता. घरी पोचल्यावर तिने आईला ऑक्सिजनचं मशीन लावलं, अर्ध्या तासाने बोट तपासलं. त्र्याण्णव. तिने बोटाचं मशीन झटकून पुन्हा लावलं. त्र्याण्णवच.

"काय म्हणाली गं डॉक्टर?" आईने विचारलं.

"रुटीन. इको करायचाय."

"अच्छा," आई म्हणाली आणि भाजी निवडायला घेतली. मेथीची जुडी तिने इतक्या हळू निवडली की अक्षयाला स्वयंपाकघरात उभं राहवेना.

गाडीची गोष्ट तिने अखेर पुढच्या सोमवारी ऑफिसात खंडेराव काकांना सांगितली. खंडेराव अतिथिगृहाचे ड्रायव्हर, सांगलीकडचे, सत्तावीस वर्षं दिल्लीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पॅकिंग बदलल्यावर पण गळतंय ना? मग पॅकिंगचा दोष नाही ताई. दुसरं काहीतरी आहे. शनिवारी मी येतो, बघू."

"गुरुवारी आईला न्यायचंय काका. चालवू ना?"

"गुरुवारी मला साहेबांची ड्यूटी आहे, नाहीतर मीच आलो असतो. तेलाची पातळी बघून घ्या, कमी असेल तर टाका. सावकाश जा. आणि धूर दिसला तर थांबायचं. काय वाटेल ते झालं तरी थांबायचं, आणि बॉनेट उघडायचं नाही. आत गरम तेल पेटायला टेकलेलं असलं आणि तुम्ही बॉनेट उघडलं की त्याला एकदम हवा मिळते. कळलं?"

पुढचा गुरुवार डिसेंबरचा. सकाळी तेल तपासलं तर दांडीवर खालच्या खुणेच्याही खाली होतं. तिने अर्धा लिटर ओतलं. आईला मागे बसवलं, सिलिंडर बांधला, ऑक्सिजन दोन लिटरवर लावला, सिलिंडरला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येताना पाहिले आणि मग दार लावलं. भरती करायला सांगितलं तर असू द्यावी म्हणून डिकीत आईची बॅग भरून ठेवली होती. तेही आईला सांगितलं नव्हतं.

महिपालपूर गेलं. वास होता, पण नेहमीइतकाच. हायवेला लागल्यावर वारा मिळाला आणि तोही कमी झाला. अक्षयाने स्टिअरिंगवरचे हात जरा सैल केले. राजोकरीचा पूल चढताना गाड्या पुन्हा खोळंबल्या. पुलाच्या मध्यावर पोचेपर्यंत वीस मिनिटं गेली. पहिल्या गिअरमध्ये जरा पुढे, थांबा, जरा पुढे, थांबा.

आणि मग समोरच्या काचेच्या खालून धूर आला.

निळसर पांढरा. आधी एक बारीक रेघ, मग बॉनेटच्या उजव्या कडेने सगळीकडून. गाडीत वास असा भरला की डोळे चुरचुरले. शेजारच्या मोटारसायकलवाल्याने काचेवर ठोकलं आणि ओरडला, "मैडम, धुआँ! धुआँ निकल रहा है!"

गाडी डावीकडे कठड्याला कशी लावली हे अक्षयाला पुढेही कधी आठवलं नाही. इंजिन बंद केलं एवढं आठवतं. ती मागचं दार उघडून आईवर वाकली. आईचा बेल्ट सुटला. सिलिंडरच्या बेल्टचं बटण दाबताना बोटं घसरत होती. एक, दोन, तीन, असं ती मोठ्याने मोजत होती आणि तिला ते कळतही नव्हतं. सिलिंडर उचलताना तो तिच्या चेहऱ्यासमोर आला.

पाण्यात बुडबुडे नव्हते. ऑक्सिजन किती सुटतोय ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली छोटी गोळी तळाला बसली होती. शून्य.

"आई, हे बंद आहे!"

आईचे ओठ जांभळट झाले होते. छाती भात्यासारखी हलत होती.

अक्षयाचा हात आपोआप नॉबकडे गेला आणि तिथेच थबकला. दोन हातांवर बॉनेटमधून धूर येत होता. इथे उघडायचा? तिने आईच्या काखेत हात घातला, दुसऱ्या हातात सिलिंडर धरला आणि कठड्याच्या कडेकडेने चालायला लागली. आईला चालवत नव्हतं. तिचे पाय घासत होते. बाजूने गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या, कुणी काच खाली करून बघत होतं. पुलाखाली धुरक्यात काहीच दिसत नव्हतं, पूल हवेतच संपल्यासारखा. दहा पावलं. पंधरा. आई थांबली आणि तिचं सगळं वजन अक्षयाच्या खांद्यावर आलं.

"अजून थोडं, आई. अजून थोडं."

"नाही... होत."

"होतंय. ये."

तीस पावलांवर तिने आईला कठड्याच्या पायथ्याशी बसवलं आणि नॉब फिरवला. पाण्यात बुडबुडे उसळले. तिने तो चारवर नेला. बोटाला मशीन लावलं. शहात्तर. आईचं बोट बर्फासारखं गार होतं. अक्षयाने ते स्वतःच्या तळहातात दाबून धरलं आणि वळून गाडीकडे पाहिलं. धूर येतच होता. आता नारिंगी जीभ दिसेल, आत्ता दिसेल, असं वाटत तिची नजर तिथून हलेना. एकोणऐंशी. लाल बाटली सीटखालीच राहिली होती. त्र्याऐंशी.

मोटारसायकलवाल्याने गाडी बाजूला लावून मागून येणाऱ्यांना हात करायला सुरुवात केली होती. थोड्या वेळाने वाहतूक पोलीस आला. जवळ जाऊन बघावं की नाही अशा बेताने तो गाडीपासून लांबच उभा राहिला. आगीची जीभ आली नाही. इंजिन थंड होत गेलं तसा धूर विरळ झाला आणि पाच-सात मिनिटांत थांबला.

मशीनवर अठ्ठ्याऐंशी आला तेव्हा आईला बोलता आलं.

"मीच बंद करत होते," ती म्हणाली.

अक्षयाला आधी कळलंच नाही. "काय?"

"नळी. वास यायला लागला ना, तेव्हापासून. आधी अर्धी करायचे. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी शिरली की पुन्हा उघडायचे." तिने श्वास घेतला. "तो माणूस म्हणाला नव्हता का, ऑक्सिजनने आग पागल होते म्हणून?"

"आई, तू मला सांगायचंस ना!"

"सांगून काय केलं असतंस? आधीच रात्री झोपत नाहीस. म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे. तासभर राहीन मी तशी. मला काही झालं तर झालं, पण तू पुढे बसलेली असतेस." आई थांबली. पुन्हा बोलली तेव्हा आवाज अगदी बारीक होता. "आणि मग एकदा तुझ्या सीटखालच्या पिशवीत ती लाल बाटली दिसली. माझी चप्पल शोधत होते. ती बघितल्यावर मला कळलं, तुलाही तीच भीती आहे. त्या दिवसापासून पूर्णच बंद करायला लागले."

अक्षया रस्त्यावरच बसली. खाली खडी टोचत होती. चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी. तिने बाटली ठेवली तो आठवडा आणि आकडे जोरात घसरायला लागले तो आठवडा एकच होता. तिने कठड्याला डोकं टेकलं आणि आईचं बोट सोडलं नाही.

पोलिसाने एक कॅब थांबवली. ड्रायव्हरने सिलिंडर बघून कपाळाला आठ्या घातल्या, पण पोलिसासमोर काही बोलला नाही. निघण्याआधी अक्षयाने खंडेराव काकांना फोन केला. ते म्हणाले, "गाडी आहे तिथे राहू दे ताई, मी साहेबांना सोडून क्रेन घेऊन पोचतो. तुम्ही आधी आईंना बघा."

कॅबमध्ये अक्षया मागे आईशेजारी बसली. सबंध रस्ता तिने त्या बुडबुड्यांवरची नजर काढली नाही.

हॉस्पिटलच्या दारात नर्सने बोट तपासलं. एक्क्याण्णव.

डॉ. मेहरोत्रांनी सगळं ऐकलं. मग त्या आईच्या समोर स्टूल ओढून बसल्या.

"आंटी, आपको पता है मैं इनसे क्या कह चुकी हूँ? मैंने इन्हें आपके लिए मन तैयार करने को कहा था."

आईने अक्षयाकडे पाहिलं. अक्षयाने मान खाली घातली.

भरती टळली. इकोमध्ये हृदयावर थोडा ताण दिसला, पण डॉक्टरांना वाटलं होतं तेवढा नाही. सीटीत फुफ्फुसं गेल्या वर्षीपेक्षा किंचितच बिघडलेली होती. "बीमारी है, और रहेगी," डॉक्टर म्हणाल्या. "पर जो मैं समझ रही थी, वो नहीं है. और जो आप हर हफ्ते एक घंटा कर रही थीं, वो दो-तीन महीने और चलता तो दिल सच में बैठ जाता." आईने हात जोडले. अक्षयाला ते बघवेना.

गाडी क्रेनने खंडेरावांच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गेली होती. रफाकत भाई म्हणून साठीचे उस्ताद होते, एकटेच काम करायचे. शनिवारी अक्षया तिथे पोचली तेव्हा इंजिन धुऊन पुसून कोरडं केलेलं होतं आणि खंडेराव त्यावर टाल्कम पावडर शिंपडत होते.

"हे काय काका?"

"सगळीकडे तेल असलं की कुठून येतंय ते कळत नाही ताई. पांढऱ्यावर लगेच दिसतं."

त्यांनी इंजिन चालू केलं. दहा मिनिटं ते तसंच चालू ठेवलं. अक्षया तीन पावलं मागे, दाराला पाठ लावून उभी होती. मग पांढऱ्या पावडरमध्ये, झाकणाच्या मागच्या कडेला, एक काळा ओला धागा उगवला आणि खाली गरम पाइपकडे उतरायला लागला. धूर दिसायच्या आत रफाकत भाईंनी इंजिन बंद केलं.

"पैकिंग तो नई है," ते म्हणाले, "फिर भी वहीं से. अब ये देखिए." त्यांनी इंजिन पुन्हा सुरू केलं, तेल ओतायचं बूच फिरवून सैल केलं आणि अक्षयाला बोलावलं. "हाथ रखिए ऊपर. डरिए मत."

तिला पुढे जायला थोडा वेळ लागला. बुचावर तळहात धरला तर आतून फस् फस् करून जोरात हवा मारत होती. बूच हातात उडेल असं वाटत होतं.

"इंजिनच्या पोटात हवा साठते," खंडेरावांनी सांगितलं. "ती बाहेर पडायला एक छोटा वॉल्व्ह असतो. तो चोंदला की हवा अडकते आणि जिथे फट मिळेल तिथून तेलाला बाहेर ढकलते. त्या पोराने नवं पॅकिंग घातलं, बरोबर घातलं, पण दाब तसाच राहिला. आणखी दहा पॅकिंग घातली असती तरी गळलंच असतं."

रफाकत भाईंनी पकडीने तो वॉल्व्ह उपसून काढला. अंगठ्याएवढा. कानाशी धरून हलवला. आतून खुळखुळ आवाज यायला हवा होता, म्हणाले, आला नाही. आत डांबरासारखा काळा चिकट गाळ घट्ट बसला होता. त्यांनी नवा वॉल्व्ह बसवला, त्याच्या रबरी नळ्या साफ केल्या, दाबाने वाकलेलं पॅकिंग पुन्हा बदललं, गरम पाइपवरचं आणि खालच्या पत्र्यात साठलेलं तेल खरवडून काढलं. मग इंजिन चालू करून पुन्हा बूच सैल केलं. या वेळी ते जागीच शांत राहिलं.

"आग लगती क्या?" अक्षयाने विचारलं. गेला महिनाभर तिला हे कुणालातरी विचारायचं होतं. पहिल्या मेकॅनिकसारखं हसून उत्तर नको होतं.

रफाकत भाईंनी हात पुसले. "लग सकती थी," ते म्हणाले. "उस दिन नहीं लगी, बस. नीचे की चादर में पाव लीटर तेल जमा था." त्यांनी पत्रा उचलून दाखवला. अक्षयाने पाहिला, मग बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. पावडर, वॉल्व्ह, पत्र्यातलं पाव लिटर तेल, काही न वगळता. डिकीतली भरलेली बॅगही काढून आईपुढे ठेवली. आईने चेन उघडली. आत दोन गाऊन, शाल, कंगवा, चष्म्याचं जुनं घर. आई एक-एक वस्तू बाहेर काढून पलंगावर ठेवत राहिली.

"मी मरणार असं वाटलं होतं तुला," ती म्हणाली.

"हो."

"मलाही. दर गुरुवारी, महिपालपूर आलं की." आईने शाल उलगडून पुन्हा घडी घातली. "पण मला वाटायचं, आपण दोघी जळून मरणार. तुला वाटायचं, मी एकटी."

अक्षयाने रिकामी बॅग कपाटावर ठेवली.

पुढच्या गुरुवारी आई पुढच्या सीटवर बसली. सिलिंडर तिच्या पायांशी पट्ट्याने बांधला, म्हणजे काचेतली गोळी दोघींनाही दिसत राहील. निघताना खंडेराव काकांचा फोन आला, तेलाची पातळी बघितली का म्हणून. बघितली होती, वरच्या खुणेवर होती. महिपालपूरच्या गर्दीत आईने हात नॉबपासून दूर, मांडीवर ठेवला होता, पण बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली होती. अक्षयाने ब्लोअर लावला नाही, रेडिओही लावला नाही. गाडीत फक्त पाण्याच्या बुडबुड्यांचा आवाज येत होता.

राजोकरीच्या पुलावर गाड्या हळू झाल्या तेव्हा दोघींनी एकदमच बॉनेटकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. निळा पत्रा आणि त्यावर दिल्लीची धूळ. पूल संपेपर्यंत कुणीच नजर वळवली नाही.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी लावून अक्षयाने इंजिन बंद केलं आणि किल्ली काढायला गेली, तर हात इतका थरथरायला लागला की किल्ली धरता येईना. तिने दुसऱ्या हाताने तो धरून पाहिला. दुसराही थरथरत होता. मग खांदे, मग सगळं अंग. गाडीबाहेर व्हीलचेअर घेऊन आलेला माणूस काचेतून वाकून बघत होता.

आईने त्याला हाताने थांबायची खूण केली. बोटाला मशीन लावून आकडा बघितला, लेकीला दाखवला. ब्याण्णव होता.

"बसू या दहा मिनिटं," ती म्हणाली. "घाई नाही."

आणि दोघी तशाच बसून राहिल्या.